घासून, भरून परत केलेला गेम

आमच्या पाड्यावर कोणाकडून भांडं मागून आणलं, तर ते दोन गोष्टी केल्याशिवाय परत जात नाही. आधी ते राखेने घासायचं आणि मग त्यात काहीतरी घालायचं. मूठभर उडीद चालतात, वालाच्या शेंगा चालतात, काहीच नसलं तर परसातल्या चार मिरच्या. लहानपणी मी शेजारचं पातेलं घेऊन धावत निघाले की मागून आईचा आवाज यायचा, "रिकामा नको नेऊ गो!" शाळेत आणि कॉलेजात शिकलेलं पुष्कळ विसरले, पण हे हातात पक्कं बसलं आहे. इतकं पक्कं, की त्यापायी मी एकदा एका मुलीची नऊ वर्षं जपून ठेवलेली गोष्ट पुसून टाकली.

आमचा पाडा जामसरच्या पलीकडे. मी जव्हारला बी.एस्सी. करत होते, विषय संगणक. घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजच्या लॅबमध्ये एका संगणकावर आम्ही तिघी बसायचो. मी कडेला असायचे, त्यामुळे कीबोर्डपर्यंत माझा हात क्वचितच पोचायचा. म्हणून मी वहीत प्रोग्रॅम लिहायचे आणि स्वतःच संगणक व्हायचे. एकेका ओळीवर बोट ठेवायचं, त्या ओळीत सांगितलंय ते समासात पेन्सिलीने करायचं, मग पुढची ओळ.

लॅबमध्ये एक सहायक होते. सगळे त्यांना सरच म्हणत. त्यांचं घर मूळचं साखरशेतकडचं, भात आणि नागली करणारं, आणि घरातले नोकरीला लागलेले पहिले तेच. एकदा ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"हे काय करतेस गं बोटाने?"

"प्रोग्रॅम चालवतेय, सर."

"अस्सं. मग, चालला?"

"सातव्या ओळीत अडकलाय."

ते खूप हसले. मला वाटलं, थट्टा केली. पण पुढच्या सोमवारी त्यांनी पिशवीतून एक जुनं यंत्र काढलं. दोन्ही हातांत धरून खेळायचा गेम, काळा, कोपऱ्यांवर रंग उडालेला. कंपनीने तो बनवायचं केव्हाच बंद केलं होतं.

"माझ्या मुलीचा आहे. ती नाशिकला नर्सिंगला आहे. तिला विचारूनच आणलाय. तुझा पहिला संगणक म्हणून वापर. फक्त तिचा एक खेळ आहे त्यात, त्याला हात लावू नकोस."

गेमच्या मागच्या बाजूला झाकण होतं आणि आत एक छोटी चकती. चकतीवर खेळाचं चित्र. मी घरी गेल्यावर पहिलं काम काय केलं, तर ती चकती अलगद काढली, कागदात गुंडाळली आणि आई बांगड्या ठेवते त्या डब्यात ठेवली. पुढची दोन वर्षं मी तिला खरोखरच हात लावला नाही.

त्या यंत्रावर कंपनीचेच खेळ चालावेत अशी त्याची घडण होती. पण जगात कुठे कुठे बसलेल्या हौशी लोकांनी त्याला आपण लिहिलेलं चालवायला शिकवलं होतं. सरांनी मला ते दाखवलं. यंत्रात एक लहान कार्ड असतं. त्यावर ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. तो चालवला की पडदा काळा होतो आणि मग परत उजळतो. त्यानंतर यंत्र आपलंही ऐकतं. पूर्ण बंद केलं की ते सगळं विसरतं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

"दोन गोष्टी," सर म्हणाले. "चार्जिंग कमी असताना हे करायचं नाही, मध्येच बंद पडलं तर यंत्राचा कायमचा दगड होईल. आणि यात चोरीचे खेळ आणून टाकायचे नाहीत. आपलं लिहायचं, आपलं चालवायचं."

दुसरी गोष्ट मला तेव्हा फारशी कळली नाही. चोरीचे खेळ मिळतात कुठे, हेही मला ठाऊक नव्हतं.

मी मोबाईलवर प्रोग्रॅम लिहायचे, आखूड वायरने तो कार्डावर टाकायचे आणि चालवायचे. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीजवळच यायची. तिथे कठड्यावर बसून मी त्या अनोळखी लोकांनी लिहून ठेवलेली माहिती वाचायचे. इंग्रजी अवघड जायचं, एकेक शब्द शोधत बसायचे. ती माणसं कोण, कुठली, आजही मला माहीत नाही. कोणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या फावल्या वेळात लिहिलं होतं की अमुक चूक आली तर तमुक करा, आणि तीच चूक मला जामसरच्या पलीकडे टाकीच्या कठड्यावर येत होती. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले आहेत.

आधी पडद्यावर एक ठिपका हलला. मग तो बटणाने हलू लागला. त्या दिवशी मी आईला हाका मारून मारून बोलावलं. ती शेणाचे हात घेऊन आली, ठिपक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरा हाय," आणि परत गेली.

म्हणून मी तिला कळेल असा खेळ केला. मोहाचं झाड, वरून पडणारी फुलं, आणि खाली टोपली. बटण दाबून टोपली डावी-उजवी करायची आणि फुलं झेलायची. आईने यंत्र हातात घेतलं. थोडा वेळ खेळली.

"ह्या कोणी सांगला तुला?" तिने विचारलं.

"काय?"

"मोह असा झेलतात? टोपली घेऊन झाडाखाली नाचतात का कोणी? मोह पहाटंचा पडून ऱ्हातो. मंग बसायचा आणि येचायचा. उशीर केला तर शेळ्या खातात."

"अगं आई, खेळ आहे तो."

"मंग खऱ्याचा कर ना खेळ."

मी तो मोडून पुन्हा लिहिला. आता फुलं भुईवर पडायची, वेचणारी बाई एकेका फुलापाशी जाऊन वाकायची, आणि उजवीकडून शेळी यायची. पहिल्या शेळीची चाल फारच जलद झाली. "ही शेळी हाय का बिबट्या?" आईने विचारलं. शेळीचा वेग ठरवताना मी जे शिकले ते वर्गात दोन वर्षं मला समजत नव्हतं. शेवटच्या वर्षी हाच खेळ मी प्रकल्प म्हणून दाखवला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शेळीला हरवेपर्यंत यंत्र खाली ठेवायला तयार नव्हत्या.

पास झाले, आणि मोखाड्याला एका कार्यालयात संगणकावर माहिती भरण्याचं काम मिळालं. रुजू होण्याआधी यंत्र परत करायचं होतं. आई म्हणाली, "चांगला घासून दे."

बाहेरून मी ते ओल्या फडक्याने पुसलं, बटणांच्या फटी काडीने साफ केल्या. मग आतून. कार्डावर दोन वर्षांचा माझा पसारा होता, अर्धवट प्रोग्रॅम, फसलेल्या शेळ्या. एखाद्याचं भांडं आपल्या खरकट्यासकट परत द्यायचं का? सेटिंगमध्ये जाऊन मी कार्ड फॉरमॅट केलं. सगळं लख्ख. मग रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यावर मोहाचा खेळ नीट भरला, तो चालवायला लागणारं सगळं भरलं, डब्यातली चकती काढून जागेवर बसवली. सोबत आईने नागलीचं पीठ दिलं. सरांच्या हातात हे सगळं ठेवताना मला जितकं चांगलं वाटलं तितकं निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत सरांचा फोन आला. मी मोखाड्याच्या बाजारात भाजी घेत होते.

"अगं, ही आलीये नाशिकहून. तिचा खेळ सापडत नाहीये म्हणते. तू कुठे हलवून ठेवलायस का?"

"सर, चकती बसवली होती मी."

"चकती आहे गं. ती म्हणते, तिने खेळून साठवलेलं असतं ते. कार्डावर."

खेळ चकतीत, म्हणजे खेळलेलंही चकतीतच असणार, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. ज्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं, ते माझ्या फसलेल्या शेळ्यांच्या शेजारी पडून होतं आणि मी दोन्ही एकाच फडक्याने पुसलं होतं.

कार्ड जुनं होतं, आपोआप खराब झालं असेल, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंही. पण हे यंत्र ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकून दिलं त्यांनाच ते सांगायचं होतं. मी म्हटलं, "सर, माझ्याकडून पुसलं गेलंय. मी येते. तोपर्यंत यंत्र बंद ठेवा, त्यात काहीच टाकू नका." भाजी तशीच ठेवून मी जव्हारची एस.टी. धरली.

दार सरांच्या मुलीनेच उघडलं. ती माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी असेल, म्हणून मी तिला ताई म्हटलं. तिने मला बसही म्हटलं नाही.

"तू पुसलंस?"

"हो, ताई. घासून द्यायचं म्हणून."

"घासून?" ती वडिलांकडे वळली. "बाबा, हिला सांगितलं नव्हतं तुम्ही?"

"सांगितलं होतं," मीच म्हटलं. "मला वाटलं चकती."

मग तिने जे सांगितलं ते मी मान खाली घालून ऐकलं. ती तेरा वर्षांची असताना पाय मोडून अंथरुणावर होती. सगळा पावसाळा हाच खेळ खेळली. शेवटचा टप्पा उरला तेव्हा पाय बरा झाला. तो टप्पा तिने मुद्दाम खेळला नाही. नऊ वर्षं तो तसाच होता. यंत्र माझ्याकडे येईपर्यंत ती मधूनमधून ते चालू करायची, शेवटच्या टप्प्याच्या दारात उभी राहायची आणि बंद करायची.

"संपवला असता तर संपला असता," ती म्हणाली. "म्हणून ठेवला होता. आणि तू धुऊन टाकलास."

सरांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि उद्या लॅबमध्ये कार्ड तपासून बघू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी परवानगी काढून लॅब उघडली. फॉरमॅट केल्याने सगळं खरंच नाहीसं होत नाही, जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते, आणि वर नवं लिहिलं गेलं नसेल तर जुनं सापडू शकतं, हे मी वाचलेलं होतं. पण मी नवं लिहिलं होतं. रिकामं द्यायचं नाही म्हणून भरून दिलं होतं. तेवढ्या जागेखालचं गेलं ते गेलंच.

कार्ड जोडून पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम लावला, आणि संगणक ते धुंडाळत राहिला. आम्ही तिघं एकाच पडद्यासमोर बसलो होतो. या वेळी सरांनी मला कीबोर्डसमोर बसवलं होतं. आधी माझेच जुने प्रोग्रॅम वर येऊ लागले. एक शेळी, दुसरी शेळी.

"हे काय?" ताईने विचारलं.

"शेळी आहे."

"किती शेळ्या आहेत तुझ्या?"

"सतरा झाल्या. अठरावी चांगली चालली."

ती हसली नाही, पण खुर्ची थोडी पुढे ओढून बसली. जेवायच्या सुमाराला तिच्या खेळाची नोंद सापडली. तिने तीन ठिकाणी खेळ साठवला होता. त्यातल्या दोन नोंदी फाटक्या निघाल्या, उघडल्या नाहीत. तिसरी उघडली. ती शेवटच्या दाराची नव्हती, चार टप्पे आधीची होती.

"आहे ते एवढंच," मी म्हटलं. "बाकीचं माझ्या खेळाखाली गेलं, ताई."

तिने यंत्र हातात घेतलं. "चार टप्पे म्हणजे चार दिवस. मला चार दिवसांची सुट्टी आहे. तू येऊन बस. एकटीने नाही खेळणार मी."

कार्यालयाला दिवाळीची सुट्टी होती. मी रोज सकाळच्या गाडीने जव्हारला जायचे. तिचा हात नऊ वर्षांत विसरला होता. एकाच पुलावरून ती अकरा वेळा पडली. अकराव्या वेळी मी म्हटलं, "सातव्या ओळीत अडकलाय," आणि स्वयंपाकघरातून सर मोठ्याने हसले. तेव्हा तिने कारण विचारलं आणि वहीची, बोटाची सगळी गोष्ट ऐकली. मधल्या वेळात तिने मोहाचा खेळही खेळून पाहिला. शेळीने तिला तीनदा हरवलं.

चौथ्या दिवशी ती पुन्हा शेवटच्या दारात पोचली. मला वाटलं, आता आत जाईल. तिने खेळ तिथेच साठवला, यंत्र बंद केलं आणि माझ्यासमोर धरलं.

"ठेव तुझ्याकडे. मी नाशिकला हे घेऊन काय करू? तू यात लिहितेस तरी. फक्त हे दार सांभाळ. सुट्टीत येईन तेव्हा बघेन."

"ताई, माझ्याकडे?"

"तुझ्याइतकं घाबरून दुसरं कोण सांभाळणार?"

त्याच दिवशी मी त्या नोंदीच्या तीन प्रती केल्या. एक सरांच्या लॅबमध्ये, एक माझ्या मोबाईलवर, एक तिच्याकडे. आजही ती सुट्टीत आली की आधी दार जागेवर आहे का ते बघते, मग चहा घेते. माझी नोकरी, माझं शिक्षण, वहीतून पडद्यावर आलेली माझी प्रत्येक ओळ त्या घरातून उसनी मिळालेली आहे, आणि एवढं मोठं भांडं कशाने भरून द्यायचं, मला समजलेलं नाही.

त्या दिवशी यंत्र घेऊन मी घरी आले तेव्हा आई अंगणात उडीद पाखडत होती. तिने यंत्र ओळखलं.

"परत दिला त्यांनी?"

"परत नाही, दिलाच."

"रिकामा?"

"नाही. ताईचा खेळ आहे आत."

आईने सूप थांबवलं. उठून आत गेली, एक धुतलेली पिशवी घेऊन आली आणि त्यात उडीद भरायला लागली.