सव्वीस जणांची रापण

एका गुन्ह्याच्या अंतिम अहवालात मी जाणूनबुजून चुकीचा शेरा लिहिला, ही गोष्ट मी जवळजवळ दहा वर्षे कोणालाही सांगितली नाही. पत्नीलाही नाही. त्यासाठी कोणाकडून काही घेतले नव्हते, वरून दबावही नव्हता. माझा मान राखावा एवढाच हेतू होता, आणि त्यापायी एका निरपराध माणसाचा मान गेला. निवृत्त झाल्यावर पुष्कळ तपास मनातून पुसट झाले. हा मात्र झाला नाही.

सन दोन हजारच्या आसपास मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. तेथील मच्छीमारांच्या एका संघाची निवडणूक तोंडावर आली होती. एका बाजूला यांत्रिक नौकांचे मालक होते आणि दुसऱ्या बाजूला रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन रांगांनी माणसे ओढतात ते लांब जाळे. ते ओढणाऱ्या गटालाही रापणच म्हणतात. नौकांनी किनाऱ्यापासून किती अंतर राखायचे, हा दोघांमधला वाद होता, आणि संघ ज्याच्या हाती त्याचा शब्द चालणार होता.

मतदारांची कच्ची यादी फलकावर लागली, त्याच दिवशी दुपारी पंधरा-वीस रापणकर ठाण्यात आले. नोंदणी क्रमांकाच्या ओळीने लावलेल्या त्या यादीत जुन्या रापणी होत्या. अलीकडे नोंदलेल्या सगळ्या रापणी गायब होत्या. नौकामालकांना उघड विरोध करणाऱ्या नेमक्या याच रापणी. त्यांचे वयस्क पुढारी माझ्या टेबलापुढे उभेच राहिले.

"सायबानू, आमची नावां खंय गेली ता सोधून काढा. नाव नाय तर मत नाय, आणि मत नाय तर उद्या दर्यार आमका कोण इचारतलो?"

मी फिर्याद नोंदवून घेतली. बनावट दस्तऐवज आणि फसवणूक ही कलमे लावली.

संशयित शोधावा लागला नाही. संघाची सभासद नोंदवही मुंबईतल्या एका मेनफ्रेमवर, म्हणजे अनेक संस्थांचे काम एकाच वेळी करणाऱ्या मोठ्या संगणकावर, ठेवलेली होती. दरवर्षी तेथून ती सीडीवर उतरवून आणायची आणि इथल्या पीसीवर यादी छापायची, हे काम एकच गृहस्थ करीत. वय पन्नाशीचे. मुंबईत त्याच प्रकारच्या यंत्रांची व्यवस्था पाहण्यात आयुष्य घालवून गावी परतलेले, ख्रिस्ती कुटुंबातले, अत्यंत अबोल. गावात त्यांना सगळे 'सिस्टीमवाले' म्हणत. संघाच्या लिपिकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "साहेब, त्या फाईलला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. आणि त्यांच्या मेहुण्याची गोव्यात मोठी बोट आहे."

एवढे मला पुरेसे वाटले. संशय मनात एकदा बसला की समोरच्या माणसाची प्रत्येक हालचाल त्याला पुष्टी देत जाते. ते गप्प राहिले, मी म्हटले लपवतो आहे. ते बोलले, मी म्हटले तयारी करून आला आहे.

संघाच्या कचेरीत पंचनामा केला, सीडी पंचांसमक्ष लाखेचे सील लावून मुद्देमालात जमा केली. दारात जीप उभी होती. तरीही मी त्यांना मासळी बाजारातून चालवत ठाण्यात नेले. चार लोकांच्या नजरा अंगावर पडल्या की असा माणूस लवकर बोलतो, हा माझा अनुभव होता. दोन्ही बाजूंनी पाट्या मांडून बसलेल्या बायांनी त्यांना ओळखले.

"बघ गो, आमची नावां खाणारो चल्लो."

"पोट भरला मां रे? की आजून कोणाचा नाव व्हया?"

बाया हसल्या. ते मान खाली घालून चालत राहिले. मीही कोणाला गप्प केले नाही.

ठाण्यात जबाब सुरू झाला.

"मुंबईला एकटेच गेला होतात?"

"होय साहेब."

"मेहुण्याची बोट आहे?"

"आहे. पण सहा वर्षे तो माझ्याशी बोलत नाही."

माझे हवालदार कोपऱ्यातून म्हणाले, "बोलणे तुटले असेल. मासळी येते ना घरी?"

सगळे हसले, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी 'तुम्ही' सोडून 'तू'वर आलो. "कोणाच्या सांगण्यावरून केलेस, एवढेच सांग." त्यांचे उत्तर दोन्ही दिवस शब्दशः एकच होते. "साहेब, मी नावे काढलेली नाहीत. मुंबईच्या यंत्रावर मूळ फाईल तशीच आहे. आणि तुम्ही सील केलेली सीडीही एकदा तिथे तपासून घ्या." तेच त्यांनी कागदावर लिहूनही दिले. मुंबईला माणूस धाडायचा, तोवर निवडणूक उरकायची, असा हा डाव असावा असे मी गृहीत धरले. त्यांना सोडताना दररोज हजेरीची अट घातली आणि तो कागद तपासाच्या फाईलला न लावता खणात टाकला.

मी स्वतः मुंबईला गेलो, तो त्यांच्या सांगण्यावरून नव्हे. मूळ नोंदवहीतही त्यांनी फेरफार केला असेल तर आणखी एक कलम लावता येईल, या विचाराने गेलो. सोबत सीलबंद सीडी आणि फलकावरची यादी होती. मेनफ्रेमच्या केंद्रावर एक मध्यमवयीन बाई प्रमुख होत्या. त्यांनी मूळ फाईल छापून दिली. सगळ्या रापणी होत्या, सगळी नावे होती. मग पंचांसमक्ष सील उघडून त्यांनी सीडी तपासली आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, यातही सगळी नावे आहेत."

माझा विश्वास बसेना. "मग यादीत का आली नाहीत?"

त्यांनी खुर्ची ओढून मला शेजारी बसवले. मेनफ्रेमची अक्षरे पीसीला थेट वाचता येत नाहीत. ती बदलून घेणारा एक छोटा प्रोग्रॅम सिस्टीमवाल्यांनी स्वतः लिहिला होता. फाईलमध्ये प्रत्येक रापणीच्या सुरुवातीला तिच्या सभासदांची संख्या असे, आणि जागा वाचावी म्हणून ती अक्षरांत न लिहिता यंत्राच्या खुणेत साठवलेली असे. त्या खुणांपैकी एक खूण पीसीवरचे जुन्या धाटणीचे प्रोग्रॅम 'मजकूर इथे संपला' अशी वाचतात. ती सव्वीसची.

"पीसी सव्वीसपाशी पोचला आणि थांबला," बाई म्हणाल्या. "पुढचे त्याने वाचलेच नाही. इथे चोर नाही साहेब, सव्वीस आहे. चूक म्हणाल तर प्रोग्रॅममध्ये आहे, पण ती इथे मुरलेल्या माणसांच्याही हातून होते."

"मग आधीच्या वर्षी कशी झाली नाही?"

"ते तुमच्या गावात विचारा. आधी कुठे सव्वीस माणसे नसतील."

परत आल्यावर विचारले. ज्या रापणीपाशी यादी तुटली होती, तिच्यात आदल्या वर्षी पंचवीस जण होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याचे हात थकले म्हणून ओढायला नवा गडी घेतला होता. पण थकलेल्याचे नाव त्या रापणीत कधी कमी करीत नाहीत. तो वाळूत बसून राहिला तरी त्याचा वाटा त्याला पोचतो. म्हणून सव्वीस झाले होते. एका म्हाताऱ्याचे नाव राखले गेले, म्हणून शेकडो नावे छापायची राहिली होती.

निवडणूक पुढे ढकलली गेली, दुरुस्त यादी लागली. आता मी खरे सांगायला हवे होते. परंतु दुसऱ्याच दिवशी रापणकर शाल आणि नारळ घेऊन ठाण्यात आले.

"सायबांनी दम दिलो म्हणान नावां परत इली," पुढारी सर्वांदेखत म्हणाले.

मी म्हणणार होतो की तसे नाही. तोंड उघडलेही. तेवढ्यात शाल खांद्यावर पडली आणि मी हात जोडले.

त्यानंतर अंतिम अहवाल लिहायचा होता. वस्तुस्थितीच्या गैरसमजातून नोंदलेल्या गुन्ह्यासाठी न्यायालयाकडे 'क' समरी, म्हणजे 'क' वर्गाचा शेरा, पाठवायची असते. मी 'अ' समरी पाठवली. तिचा अर्थ, गुन्हा खरोखर घडला, फक्त पुरावा मिळाला नाही. कागदोपत्री चोरी खरी ठरली आणि चोर म्हणून गावाने पाहिलेला माणूस एकच होता. मुंबईच्या बाईंचा जबाब मी मोघम दोन ओळींत उरकला.

सिस्टीमवाल्यांचे संघातले काम गेले. त्यांनी घरी संगणकाचा वर्ग काढला. कोणी आपली मुले पाठवली नाहीत. माझी बदली झाली. पुढे बढतीही मिळाली.

या तपासाने मला शिकवले ते असे. संशय घेणे हे पोलिसाचे काम आहे. तो फिटल्यावर फिटला असे मोठ्याने सांगणे, हाही त्याच कामाचा भाग आहे. पहिले मी उत्साहाने केले, दुसरे टाळले. आणि निर्दोषत्वाचा पुरावा माझ्याच कपाटात, माझ्याच सीलखाली पडून होता. तो उघडायचा तर आधी समोरच्या माणसाचे ऐकावे लागले असते.

निवृत्तीनंतर मी सिस्टीमवाल्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून सर्व सांगितले, 'अ' समरीसह, आणि क्षमा मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ठाण्यात माझ्याशी शुद्ध मराठीत बोलणारा तो माणूस आपल्या घरात आपल्या भाषेत बोलला.

"प्रोग्रॅम माझो होतो, चूकय माझीच. ती मी कदी नाकारूक नाय. पण माका सांगान काय उपेग, सायबा? मी चोरी करूक नाय ह्या माका म्हायतच आसा. जेंका म्हायत नाय, तेंका सांगा."

त्यांच्या पत्नीने चहा आणला. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. पण विषय तिथेच संपला होता.

पुढच्या महिन्यात संघाची वार्षिक सभा होती. मी पुढाऱ्यांना भेटून पाच मिनिटे मागितली. ते आता फार थकले होते. "घेवा की. सत्काराचा भाषण ऱ्हवलाच होता तुमचा," ते हसत म्हणाले. मी विनंती केली, म्हणून सिस्टीमवालेही आले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. सभागृह भरलेले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो,

"तुमची नावे कोणीही चोरली नव्हती. ती मी परत आणली, हेही खोटे आहे. यंत्राची भाषा बदलताना एक साधी चूक झाली होती आणि ती कुठे शोधावी हे त्या दाराजवळ बसलेल्या गृहस्थांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी ऐकले नाही. खरे कळल्यावरही मी कागदावर खोटे लिहिले आणि तुमची शाल घेतली. त्यांना बाजारातून मी चालवत नेले, तुमच्यासमोर. म्हणून तुमच्यासमोरच सांगतो." मग मी दाराजवळच्या बाकाकडे वळलो. "साहेब, तुमचा गुन्हा नव्हता. गुन्हा माझा होता. मला क्षमा करा."