बोरमाळाचा लूप आणि आनंदीबाईच्या शेळ्या

बोरमाळाच्या डोंगरावरच्या वाटेचा शोध हिंजवडीच्या यज्ञेश्वर साहेबांनी दोन हजार चौदा साली लावला. त्याआधी अडतीस वर्षं आनंदीबाई रोज त्याच वाटेने शेळ्या घेऊन जात होती. पण तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, म्हणून तिचं जाणं शोधात धरलं गेलं नाही.

आनंदीबाई कात्रजच्या मागच्या वाडीतली. नवरा खाणीवर दगड फोडायचा आणि सुट्टीच्या दिवशी दारूने स्वतःला. दुसरं काम आधी संपलं. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी त्या बिल्डरला देऊन बंगले बांधले. आनंदीबाईकडे जमीन नव्हतीच. तिच्याकडे डोंगर होता. सातबाऱ्यावर नाही, पायाखाली. त्या डोंगरावर चरलेल्या शेळ्यांवर तिने पोरगा वाढवला, त्याचं लग्न केलं, सून शालू घरात आणली.

शेळी चढावर सरळ छाती काढून जात नाही. तिरकी जाते, वळण घेते, वाटेत येईल ते झुडूप ओरबाडते. तशी खुराखुराने ती वाट पडली होती. डोंगराला वळसा घालून, दोन झऱ्यांवरून पुन्हा वाडीत उतरणारी. कळपाच्या पुढे म्होरकी असायची. म्होरकी म्हणजे कळपाची पुढारी शेळी. आपल्या पुढाऱ्यांत आणि तिच्यात फरक एवढाच, की हिला वाट खरोखर ठाऊक असते.

यज्ञेश्वर साहेब कंपनीच्या खर्चाने तीन महिने अमेरिकेत राहून आले होते. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात त्यांनी डोंगरी सायकल चालवली, आणि तेव्हापासून ‘इंडियात हे का नाही?’ हा प्रश्न त्यांना झोपू देईना. त्यांनी क्लब काढला, मोबाइलवर वाटेचा नकाशा चढवला, डोंगराला वनउद्यान म्हणवून घेतलं. उद्यानाची समिती झाली. चिटणीस श्यामसुंदरराव, सदाशिव पेठेतले निवृत्त हेडक्लार्क. डोंगर चढायला त्यांना दम लागायचा, म्हणून डोंगराचे नियम ते खालीच बसून करत.

एका रविवारी एक सायकलस्वार वळणावर शेळ्यांना चुकवताना घाणेरीच्या झुडपात गेला. बाहेर आला तो ओरडतच.

“आजी, हा वन-वे लूप आहे! तुमच्या गोट्स राँग साइडने येतायत!”

“त्या येत न्हाईत बाबा, घरी चालल्यात. तू कुठनं आलास?”

आठवड्यात फलक लागला: शेळ्यांमुळे ट्रेलची धूप होते, सबब शेळ्यांना बंदी. आनंदीबाई समितीच्या खोलीत गेली.

“बाहेर नियम लावलाय. वाचलात का आपण?” श्यामसुंदररावांनी मान वर न करता विचारलं.

“मला वाचता येत न्हाई.”

“मग ऐका. शेळ्या आत सोडायच्या नाहीत.”

“मग त्यांनी खायाचं काय?”

“ते नियमात नाही.”

आनंदीबाईने शेळ्या सोसायट्यांच्या कडेने फिरवल्या. तिथे गवत होतं, पण ते शोभेचं होतं. वॉचमन काठी घेऊन आला. पाऊस सुरू व्हायच्या आत विसातल्या बारा शेळ्या खाटकाकडे गेल्या. तो अंगाने भरलेल्याच मागत होता. म्होरकीला तिने शेवटपर्यंत मागे ठेवलं. मग बारावी म्हणून तिचंही दावं सोडलं.

शेळ्या गेल्या आणि ट्रेल सुरक्षित झाला. इतका सुरक्षित, की तो कोणाला सापडेना. पावसाळ्यात घाणेरी दोन्ही बाजूंनी येऊन गळ्यात गळा घालून बसली. क्लबने यंत्र लावून एक उतार सरळ कापला, सायकल सुसाट जावी म्हणून. पावसाचं पाणी त्याहून सुसाट गेलं आणि तिथे ओहोळ पडला. ऑक्टोबरात क्लबचा महोत्सव. दीडशे सायकली वर गेल्या. मोबाइलवर निळी रेघ दिसत होती, पायाखाली छातीएवढं गवत. दुपारी मंडळी मोज्यांत कुसळं आणि खांद्यावर सायकली घेऊन वाडीत उतरली.

शालू अंगणात भांडी घासत होती. “आत्याबाई, बघा तरी! सायबांनी सायकलीला फिरवून आणलंय.”

चार दिवसांनी यज्ञेश्वर साहेब दारात आले. “आजी, प्लीज, शेळ्या परत सुरू करा.”

“कागद आना,” आनंदीबाई म्हणाली. “तोंडानं काय सांगू नका. तोंडानं तुम्ही मला आजी पन म्हनता.”

श्यामसुंदररावांनी कागद केला. शेळ्यांना प्रवेश, सोमवार ते शुक्रवार. शालूने वाचून दाखवला. आनंदीबाईने तो साहेबांच्या हातात परत दिला. “शनवार-रईवार शेळ्यांनी उपास धरायचा का? खोडा ते.”

साहेबांनी वार खोडले. श्यामसुंदररावांनी खाडाखोडीवर सही केली. चेहरा असा, की सही नव्हे, दात काढून द्यावा लागतोय.

दुसऱ्या सकाळी आनंदीबाई आठ शेळ्या घेऊन डोंगराच्या पायथ्याशी गेली. साहेब फोटो काढायला हजर. शेळ्या घाणेरीपाशी आल्या आणि थांबल्या. एक दुसरीच्या मागे लपे, दुसरी तिसरीच्या. पुढे कुणीच होईना.

“काय झालं? जात का नाहीत?”

“म्होरकी न्हाई. वाट तिला ठावं होती.”

“मग ती आणा ना.”

“ती तुमच्या पुन्यातच गेली. कुनाच्या तरी रश्श्यात.”

“आम्ही प्युअर व्हेज आहोत,” साहेब घाईने म्हणाले.

आनंदीबाईने पदर खोचला, कोयत्याने घाणेरीची पहिली फांदी तोडली आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून स्वतःच पुढे शिरली. तिरकी, वळण घेत. जरा वेळाने एक तरणी काळी शेळी तिच्या मागे निघाली, मग दुसरी, मग सगळ्या.

“आजी, मीसुद्धा येऊ?” साहेबांनी खालून विचारलं.

“या,” वरून आवाज आला. “पन शेळ्यांच्या मागं.”