खंडेनवमीला मागून आणलेला बोल्ट

खंडेनवमीला शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासासरशी मला आयर्लंडमधलं ल्यूकनचं एक गॅरेज आठवतं. लॉकडाऊनमध्ये मी लेकाकडे अडकले होते. शेजारच्या टॉमभाऊंची, हो, मी त्यांना भाऊच म्हणायचे, बायको कोविडने गेली होती. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं त्यांना.

खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी लाडका कुत्रा बहिणीकडे कायमचा पाठवून दिला. मला राहवेना, म्हणून त्यांच्या गॅरेजमध्ये डोकावले. पुढ्यात कोल्ह्यांसाठीची जुनी रायफल, आणि भाऊ एकेक स्क्रूड्रायव्हर तिच्या स्क्रूच्या खाचेत बसवून बघताहेत.

"टोक घट्ट बसायला हवं, मिसेस. नाहीतर खाच जाते," ते म्हणाले. "आज एकदा चालली की झालं."

कोल्हे कुठले आता!

आमचे हे फौजेतले, त्यामुळे बोल्टशिवाय, म्हणजे गोळी आत सरकवणाऱ्या दांड्याशिवाय, रायफल उडत नाही एवढं मला ठाऊक. मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "आज आमच्याकडे हत्यारांची पूजा. पूजेतलं हत्यार आज वापरायचं नसतं. द्या बघू तो बोल्ट. आणि ते स्क्रूड्रायव्हरसुद्धा."

"तुमच्या देवाला माझा बोल्ट?"

"देवाला सगळं चालतं."

भाऊंनी बोल्ट काढला, नीट पुसला आणि माझ्या पदरात ठेवला. घरी येऊन सांगताच लेकाने लगेच त्यांच्या बहिणीला फोन केला. ती येऊन त्यांना घेऊन गेली.

तेव्हा वाटलं, मी त्यांना चांगलं गंडवलं. आता वाटतं, सत्तरीच्या माणसाला एवढं कळलं नसेल होय? कळूनच दिला त्यांनी.