नरडाण्याजवळच्या चढावर अडकलेला ऑटो होल्ड

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि मधेच थांबून 'बीपीच्या गोळ्या चुकल्या असणार' म्हणून हसायचो. ती चिडायची. आता माझाच अनुभव लिहायला बसलोय म्हटल्यावर ती शेजारी उभी राहून गालातल्या गालात हसतेय. हसू दे.

मी मूळचा असोद्याचा. जळगावात ठिबकच्या नळ्या आणि पाइपांचं दुकान आहे. गेल्या वर्षी हौसेनं ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला हँडब्रेकचा दांडाच नाही... एक बोटभर बटण. वर ओढलं की ब्रेक लागतो, पाय ब्रेकवर ठेवून खाली दाबलं की सुटतो. शेजारीच ऑटो होल्डचं बटण. ते चालू असलं की गाडी थांबल्यावर ब्रेकवरचा पाय काढला तरी ती जागची हलत नाही, समोर हिरवा दिवा लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की आपोआप सुटते. चढावर गाडी मागे जायची भीती नाही. हे मी येईल त्याला सांगायचो.

माझी धाकटी बहीण मंगल. तिचं सासर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळ्यानं सणाच्या दोन-तीन दिवस आधी जायचं असतं. पण तेव्हा आमचा सीझन असतो, दुकान सोडवत नाही. मी गेलो तो थेट सणाच्या दिवशी सकाळी. चूक इथूनच सुरू झाली.

आखाजीचा दिवस पितरांचाही. मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या आणि आमरसाचा घास विस्तवावर टाकायचा – त्याला आगारी म्हणतात. आणि मंगलचे सासरे, नाना, त्याच वर्षी गेलेले. म्हणजे त्यांच्या नावाची ही पहिलीच घागर.

नाना माणूस मोठा लाघवी, पण धरून ठेवणारा. पाहुणा न जेवता निघाला तर त्याच्या गाडीच्या चाकापुढे दगड लावून शेजारी बाज टाकून बसायचे. शेवटच्या वर्षी पक्षाघातानं अंथरुणाला खिळले. बोलणं गेलं, डावा हात मात्र चालायचा. त्या हातानं मंगलचं मनगट धरायचे आणि सोडायचेच नाहीत. दुसऱ्या कुणाच्या हातून पाणीही घेत नसत. मागच्या आखाजीला मी तिला न्यायला गेलो, तेव्हा ती पिशवी भरून तयार होती आणि नानांनी मनगट धरलेलं. अर्ध्या तासानं तिनंच मला 'जा भाऊ तू' म्हटलं. मी एकटा परतलो. गाडीत मला नानांचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू!

तर या वेळी काहीही झालं तरी तिला न्यायचीच, असं ठरवून गेलो होतो. साडेअकरा वाजले तरी घागरीची मांडणीच चाललेली. मी घाई लावली. तिच्या सासू, आक्का, म्हणाल्या, "आज नानासना पयला घास शे भाऊ, जेवीसन जा."

"आक्का, उन्हाचं लांब जायचंय, तिकडे आई वाट बघतेय," मी म्हटलं आणि उठलोच. मंगल घुटमळली. मग आगारी न टाकताच माझ्या मागून आली.

गावाबाहेर पडताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी छोटा चढ आहे. तिथे मी थांबलो, कारण वरून एक ट्रॅक्टर जात होता. हिरवा दिवा लागला. ट्रॅक्टर गेला, मी ॲक्सिलरेटर दाबला... गाडी हलेना. इंजिन गुरगुरतंय, बॉनेट थरथरतंय, गाडी जागच्या जागी! मग हिरवा दिवा जाऊन पार्किंग ब्रेकचा लाल दिवा लागला. मी बटणाला हात लावलेला नव्हता.

ब्रेक दाबून बटण खाली दाबलं. लाल दिवा गेला, 'टक्' आवाज झाला आणि पुन्हा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. सीटबेल्ट काढला, लावला. इंजिन बंद केलं, चालू केलं. तेवढ्यात एसीतून गरम वारा यायला लागला. म्हटलं उतरून बघू, तर दार उघडेना. लॉक वर होईना, काच खाली येईना. बाहेर चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन आणि आम्ही दोघं बंद गाडीत.

हॉर्न दाबत सुटलो. पण आखाजीच्या भर दुपारी बाहेर कोण असणार? अख्खं गाव आपापल्या घरी पानावर. दाजींना, मंगलच्या नवऱ्याला, फोन लावला, ते पूजेला बसलेले, उचलेनात. घाम डोळ्यांत जात होता. श्वास घ्यायला मला त्रास व्हायला लागला, मी घाबरलो होतो.

मंगल मात्र शांत होती. ती आपल्या उजव्या मनगटाकडे बघत होती.

"भाऊ, नाना आहेत," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? सेन्सरचा प्रॉब्लेम आहे."

तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मनगट मांडीवर ठेवून हळू आवाजात, अंथरुणाशी बसल्यासारखी बोलायला लागली. "नाना, आठ दिनमा परत येसू."

लाल दिवा तसाच.

"चार दिनमा येसू नाना."

तसाच.

"बरं, दोन दिनमा. सोडा आते."

माझं डोकं फिरलं. "अगं, मेलेल्या माणसाशी कसला घासाघिशीचा बाजार मांडलास? वर्षभर केलंस त्यांचं, अजून किती?" मी ओरडलो आणि काचेवर कोपर मारलं. काच फुटली नाही, कोपर मात्र आठवडाभर सुजलं होतं.

मंगल रडायला लागली. नाना गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "नाना, मी नही जास. परत घर येस. सोडा."

टक्.

लाल दिवा विझला. लॉक आपोआप वर झाले, एसीतून गार वारा आला. गाडी ब्रेकवर माझा पाय पडायच्या आधीच हातभर मागे, गावाच्या दिशेनं सरकली.

मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. "वळवू का?" मी विचारलं आणि खरंच वळवणार होतो.

ती समोर डांबरी रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल. असोद्याला चल."

अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. गाडी लोण्यासारखी चालली. माहेरी मंगल आठ दिवस राहिली, झोके खेळली, आईच्या हातचं पोटभर जेवली.

गाडी मी सर्व्हिस सेंटरला दाखवली. मेकॅनिकनं कॉम्प्युटर जोडला. म्हणाला, सगळं ओके आहे, कुठलाच फॉल्ट नोंदलेला नाही. ब्रेक त्या वेळी बटणानं लावला गेलाय, एवढंच दिसतंय. मी म्हटलं, बटण कुणी ओढलं? तो म्हणाला, "साहेब, गाडीत जो असेल त्यानं." वायरिंग, सेन्सर, उष्णता – सगळं मीच मला सांगून पाहिलंय. पटत नाही.

परवा फोनवर मंगलला म्हटलं, मी ते सगळं लिहून काढतोय, तुला काय वाटतं ते सांग. ती म्हणाली, "गाडीचं तू बघ भाऊ. मला एवढंच कळतं... नानांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि मी निघून आले."