देवी डॉक्टरांची तबकडी

आमच्या देवी डॉक्टरांना आनंदाची गाणी मुळीच चालत नसत. नंदुरबारला नवा सिनेमा लागला, की सायकल हाणत जायचे आणि परत आल्यावर आधी विचारायचे ते एवढंच, की त्यात रडकं गाणं कोणतं. नायिका खिडकीशी उभी राहून टाहो फोडते आहे, मागे सारंगी विव्हळते आहे, असलं काही हाती लागलं की त्यांची कळी खुलायची. आठवड्याभरात त्याच चालीवर आमच्या गावातल्या कुणाच्या तरी फजितीचं अहिराणी गाणं तयार. "गानं जितलं रडकं, तितलं मन्हा कामनं," असं ते म्हणत. "हासऱ्या चालवर कोनी बी हासाडी. त्यात काय मोठं?"

डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. लोकल बोर्डाच्या नोकरीतले, पोरांना देवीची लस टोचणारे. रनाळ्यापासून तापीकाठापर्यंतची गावं त्यांच्याकडे. सायकलला मागे दोन पेट्या बांधलेल्या, एक लशीची आणि एक सुरांची. ते गल्लीत शिरले की पोरं कणगीमागे दडायची. डॉक्टर ओट्यावर बसून पेटी उघडायचे आणि त्या घरातल्या बापावर दोन ओळी म्हणायचे. बाप बायकोला कसा भितो, बापाची टोपी शेळीनं कशी खाल्ली, असलं काहीतरी. पोर हसत हसत बाहेर यायचं, आणि त्याला रडू येईस्तोवर टोचून झालेलं असायचं. पुढे लोक त्यांना लग्नातही बोलवू लागले.

त्यांची एक रीत मात्र भलतीच कडक होती. ज्याच्यावर गाणं, त्याला ते आधी ऐकवायचं. त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, आणि त्याच्या डोळ्यांत बघत अख्खं गाणं म्हणायचं. तो हसला तर गाणं गावात जाणार. नाही हसला तर तिथंच पुरलं. मी शाळेत नवा मास्तर होतो तेव्हा माझ्या खोलीवरही ते असेच येऊन बसले. गाणं माझ्या धोतराच्या सोग्यावर होतं. मला हसू आलं नाही. "बरं, गुरुजी, ऱ्हायनं मंग," म्हणाले, आणि ते गाणं पुन्हा कधी कुणाच्या कानावर आलं नाही. आता वाटतं, हसायला हवं होतं.

दशरथभाई हे डॉक्टरांचे जिवलग. तापीकाठचे गुजर, कापूस आणि मिरची पिकवणारे, अंगानं धिप्पाड. एका वर्षी त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून पांढरी घोडी घेतली. घेतली खरी, पण तिच्यावर बसायची काही छाती होईना. तिला धरून घरापर्यंत पायी आले आणि पुढेही पायीच हिंडवत राहिले. रोज सकाळी तिला हातानं गूळ चारायचे आणि तिच्याशी बोलायचे. डॉक्टरांना आयतंच सापडलं:

*घोडी चाले पुढे पुढे, दशरथभाई मांगे,*
*खोगीर भाईना खांदवर, घोडीले काय लागे!*

हे दशरथभाईंच्या ओट्यावर पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा मी तिथं होतो. भाई इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. घरातून बायकोला बोलावून त्यांनी गाणं पुन्हा म्हणायला लावलं. "गाय, बिनधास्त गाय," ते म्हणाले. "गाव काय, आपलंच शे."

सारंगखेड्याच्या पुढच्या यात्रेत मुंबईच्या एका ग्रामोफोन तबकड्यांच्या कंपनीचा माणूस आला होता. त्यानं डॉक्टरांचं गाणं ऐकलं, आणि पुढल्या दिवाळीच्या सुमारास पत्र आलं: दोन बाजूंना दोन गाणी, अमुक दिवशी हजर व्हा. एका बाजूला सासूचं गाणं, त्यात कुणाचं नाव नव्हतं. दुसऱ्या बाजूला घोडीचं. डॉक्टर हरखले, पण अडून बसले. दशरथभाई मुलीच्या सोयरिकीसाठी गुजरातेत गेले होते. "भाई येवू दे. तेले इचारी लेवू, मंग जावू. नही ते नाव बदली टाकू."

इथं मी तोंड घातलं. मी म्हणालो, "अहो, त्यांनी एकदा हो म्हटलंय की! आणि नाव काढलं तर त्या गाण्यात उरतं काय?" गाण्याची मला एवढी काळजी नव्हती. गाणी लिहून द्यायला आणि सोबतीला मी जाणार होतो, मला मुंबई बघायची होती, आणि सुटी संपत आली होती. डॉक्टरांनी पेटीचा भाता मिटवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगतस ते बरोबर व्हई."

मुंबईत त्यांची फार पंचाईत झाली. बंद खोली, भिंतींना जाड पडदे, समोर नुसता मायक्रोफोन. माणसाचं तोंड दिसल्याशिवाय त्यांना गाता येईना. तीन वेळा चुकले. शेवटी त्यांनी हात जोडून सांगितलं, कुणाला तरी समोर उभं करा. कंपनीचा शिपाई आला. तो कोकणातला, अहिराणीचं अक्षर कळत नव्हतं. पण डॉक्टरांचे हावभाव बघून त्याला हसू आवरेना, तोंडावर रुमाल दाबून बिचारा गदागदा हलत राहिला. त्याच्याकडे बघत डॉक्टरांनी दोन्ही बाजू एका दमात म्हटल्या.

तबकडी अशी चालली की विचारू नका. त्या उन्हाळ्यात खानदेशात लाउडस्पीकरचा कर्णा लागला आणि घोडीचं गाणं वाजलं नाही, असं लग्न झालं नसेल. नंदुरबारच्या बाजारात मिरचीची गाडी घेऊन गेलेल्या दशरथभाईंना अनोळखी हमाल विचारू लागले, "भाई, खोगीर कोठे शे?" सुरुवातीला ते हसले. मग त्यांच्याच मुलीचं लग्न आलं, सोयरीक शेवटी खानदेशातच जुळली होती. वऱ्हाडी मंडळींनी येतानाच तबकडी आणली होती. मंडपात ती चारदा वाजली. नवऱ्याच्या मामानं भाईंकडे बोट करून मोठ्यानं विचारलं, "हाऊच का तो?" सगळा मंडप हसला. मुलगी मान खाली घालून बसली होती. भाई हात जोडून सगळ्यांपुढे उभे होते, मुलीच्या बापाला उभं राहावं लागतं तसे.

मार्गशीर्षात त्यांनी घोडी यात्रेत नेली आणि विकून टाकली. कुणाला काही बोलले नाहीत. फक्त डॉक्टरांच्या घरावरून जाणं सोडलं.

घोडी विकल्याची बातमी कळली त्या दिवशी डॉक्टर माझ्या खोलीवर आले. पेटी बरोबर नव्हती. "मी तेले गावपुरतं इचारेल व्हतं, गुरुजी," ते म्हणाले. "मुलूखनं नही इचारं." यात माझा वाटा किती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचा शब्दही काढला नाही, आणि मी चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर ते लग्नात गायचे बंद झाले. कंपनीची दोन पत्रं आली, त्यांना उत्तर गेलं नाही. टोचायला ज्या गावी जात तिथं कर्णा वाजत असला की सायकल टेकवून मंडपात शिरत आणि तबकडीवरची सुई उचलत. एकदा मी बरोबर होतो. कर्णेवाला हबकला. "डॉक्टर, हाई ते तुमनंच गानं शे!"

"म्हनीसनच बंद करी ऱ्हायनू," डॉक्टर म्हणाले. मग तिथंच उभ्यानं स्वतःच्या टकलावर दोन ओळी म्हणून वऱ्हाडाला हसवलं आणि पुढच्या गावाला निघाले. पण खानदेशात तबकड्या किती आणि हा सायकलवरचा माणूस एकटा. मला ते बघवत नसे.

अशी दोन वर्षं गेली आणि डॉक्टरांची बदली नवापूरला झाली. निघायच्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी येऊन उभी राहिली. हाकायला खुद्द दशरथभाई. कुणी बोलावलं नव्हतं. स्टेशनापर्यंतच्या वाटेत भाई पुढे बघून बैल हाकत होते आणि डॉक्टर मागे वळून गावाकडे बघत होते. मी मध्ये बसून घामाघूम. भाईंनी ट्रंक स्वतः खांद्यावर घेऊन डब्यात ठेवली आणि गाडी सुटताना एवढंच म्हणाले, "जपीसन ऱ्हा." डॉक्टर खिडकीतून नुसती मान हलवत राहिले.

परतताना स्टेशन मागे पडलं तेव्हा भाई बैलांकडे बघत म्हणाले, "लगीन झायं तवय मी तेले एकदाच इचारं. मन्हं नाव कोनी ऱ्हाऊ दिधं? तो म्हने, मीच. दुसरं काहीच बोलना नही."

मला वाटत होतं, डॉक्टरांनी माझं नाव भाईंना केव्हाच सांगितलं असेल.

"भाई," मी म्हणालो, "नाव मी राहू द्यायला लावलं. मला मुंबईला जायची घाई होती. ते तुम्हाला विचारल्याशिवाय निघायला तयार नव्हते."

भाईंनी कासरा खेचला. बैल थांबले. ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"मंग मी दोन वरीस कोनावर रुसनू, गुरुजी?"

त्यांनी गाडी तिथल्या तिथं फिरवली आणि बैल पुन्हा स्टेशनाकडे हाणले. नवापूरला जाणारी पुढची आगगाडी संध्याकाळी होती.