अय्युब मिस्त्री आणि अक्रोडाचा भुगा

जळगावात अजिंठा रोडला गॅरेजांना तोटा नाही. पण कुणी जुनी गाडी घेऊन आलं की पानवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे एकच नाव सांगतात, अय्युब मिस्त्री. धुळ्यात उस्तादाचा मार खात शिकलेला माणूस. पत्र्यावर नुसता तळवा फिरवून सांगेल, इथे कधीतरी ठोकर बसली होती म्हणून. आणि स्वतःचे ढोल बडवायला तर काय, वाजंत्री लावायची गरजच नाही! "माझ्या हातचं काम म्हणजे..." एवढं बोलून तो थांबायचा. पुढचं समोरच्याने बोलायचं.

त्याची मुलगी महेक आयटीआय करून गॅरेजात आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. अय्युबने एकाचंही ऐकलं नाही. उलट तिच्या हट्टापायी ब्लास्टिंगचं मशीन घेतलं. हवेच्या जोराने पत्र्यावर दाणे मारायचे आणि जुना रंग उडवायचा, एवढंच ते काम. मशीन एकच, दाणे मात्र तऱ्हेतऱ्हेचे, आणि सगळी अक्कल लागते ती दाणे निवडायला. महेकने फळीवर बरण्या मांडून ठेवल्या होत्या. काचेचे बारीक मणी, काळी टोकदार खडी, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा. नदीची वाळू तिने दारात येऊ दिली नाही, तिची धूळ छातीत बसते म्हणून. काम बघायचं, बरणी उचलायची, आणि निवड कधी चुकायची नाही. अय्युब गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचा, "यातलं आपल्याला नाही समजत. तिला विचारा."

असं सगळं छान चाललेलं असताना पहूरचे बन्सीलाल नाना त्यांची फियाट घेऊन आले.

नाना केळीवाले. गाडी त्यांच्या वडिलांची. नानांची मयुरी लग्नाची होती, आणि तिची पाठवण याच गाडीतून करायची असं म्हाताऱ्याने मरताना बोलून ठेवलेलं. म्हणून सगळा रंग काढून गाडी पुन्हा नवी करायची होती.

महेक गाडीभोवती फिरली. टकटक वाजवून पाहिलं, टपा-दारांना लोहचुंबक लावून पाहिलं, शेवटी जमिनीवर आडवी झाली. उठून हात झटकत म्हणाली, "नाना, टप, दारं, बॉनेट, हा सगळा पातळ पत्रा. याला अक्रोड मारू. इथे खडी मारली तर पत्र्याचा पापड होईल. पण दारांच्या खाली ही जी लांब पेटी आहे ना, गाडीचा भार हिच्यावर असतो, आणि इथे गंज दिसतोय. अक्रोडाने रंग जाईल, गंज जाणार नाही. तेवढ्या भागाला खडीच हवी."

अय्युब पुढे होऊन त्या पेटीच्या आड उभा राहिला.

त्याला ती पेटी चांगली ठाऊक होती. महेक पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. लग्नसराईची घाई, नाना डोक्यावर उभे, आणि पेटी आतून कुजून चाळणी झालेली. नवा पत्रा कापून वेल्डिंग करायला हवं होतं. अय्युबने गोडेतेलाचा रिकामा डबा कापला, त्याचा तुकडा आत ठोकला, वर पुट्टीचा जाड लेप दिला, रंग मारला आणि नानांना म्हणाला, "वेल्डिंग केलंय, आता पोराबाळांपर्यंत बघायला नको." झाकली मूठ सव्वा लाखाची! ती इतकी वर्षं झाकलेली राहिली. आता खडी लागली की पुट्टी भुगा होऊन उडणार आणि डबा बाहेर येणार. तोही नानांच्या देखत.

"खडी-बिडी काही नको," तो म्हणाला. "सगळी गाडी अक्रोडाने."

"पण अब्बा, गंज तसाच..."

"चार दिवस नोझल धरलं की उस्ताद झालीस का गं? जुन्या गाडीतलं काय कळतं तुला? नानांची गाडी फोडायची आहे?"

बोलला आणि त्यालाच आपला आवाज परका वाटला. असा तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता, गिऱ्हाइकासमोर तर नाहीच.

नाना खो-खो हसले. "जाऊ द्या, पोरगी शे बापा, शिकीन हळूहळू. अय्युबभाऊ, तुम्ही होते म्हनून माही गाडी वाचली!"

महेकचे कान लाल झाले. "चुकलं माझं, नाना," ती म्हणाली आणि तिने अक्रोडाची बरणी उचलली.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते अय्युबला त्या घडीला समजलं. तरी तोंड उघडलं नाही पठ्ठ्याने! दुपारी रंग उडून पुट्टीचा लांबलचक पट्टा उघडा पडला. महेकने मास्क वर करून विचारलं, "अब्बा, इथे पुट्टीच पुट्टी आहे. खाली पत्रा धड असेल ना?"

"माझ्या हातचं काम आहे ते."

"मग प्रश्नच नाही," ती म्हणाली आणि पुढे सरकली.

तिने शंकाच घेतली नाही, याचीच त्याला जास्त लाज वाटली. तिने पुन्हा तिकडे पाहू नये म्हणून त्याने स्वतःच घाईघाईने प्रायमर मारला. पुढे रंग चढला, गाडी आरशासारखी चमकली, नाना पेढे ठेवून गेले. अय्युबने पेढ्याला हात लावला नाही. साखरेचं निमित्त सांगितलं.

काही दिवसांनी पारोळ्याचा चुडामण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा टाकून गेला. जाडजूड लोखंड आणि त्यावर गंजाचे पापुद्रेच्या पापुद्रे. अय्युब चहा पिऊन परत येतो तर महेक मशीनमध्ये अक्रोडाचा भुगा ओतत होती.

"अगं ए! हे काय? या गंजाला अक्रोड?"

"तुम्हीच म्हणालात ना त्या दिवशी. मला आधी वाटायचं गंजाला खडी लागते. माझी समजच चुकीची होती."

टोमणा असेल म्हणून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. पोरगी खरंच बोलत होती. मग त्याच्या ध्यानात आलं, की हल्ली ती प्रत्येक कामाला बरणीपाशी अडते आणि विचारते, "अब्बा, कोणतं घेऊ?" पक्कं येत असलेलं ती विसरायला लागली होती, आणि ते त्याने विसरायला लावलं होतं. स्वतःची एक लबाडी झाकण्यासाठी त्याने लेकीचा हात बिघडवला होता.

"मशीन राहू दे," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस. त्या पेटीत पत्रा नाहीच. तेलाचा डबा आहे. मीच ठोकला होता तो, आणि नानांना वेल्डिंग केलं म्हणून सांगितलं. खडी मारली असती तर बाहेर आला असता, म्हणून तुझ्यावर ओरडलो."

महेकने मास्क काढला.

"त्या गाडीत मयुरीताई बसणार आहे, अब्बा."

त्याने खिशातून फोन काढला. नानांचा नंबर लावला. पलीकडून नानांचा खुशीतला आवाज आला, "बोला अय्युबभाऊ! गाडी बठ्ठ्या गावाले दाखवली. लोक म्हनतात, मिस्त्री असावा त असा!"

"नाना, गाडी परत घेऊन या. त्या दिवशी माझी पोरगी खरं बोलत होती. खोटं मी बोललो. तेव्हाही आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीही."

मग त्याने डब्याचंही सगळं सांगून टाकलं. अय्युब फोन कानाला लावून उभा राहिला. मागे महेकने मशीनमधला भुगा परत बरणीत ओतला, आणि त्याला न विचारता काळी खडी उचलली.