जया माझ्या भातात उतरली

अकोले तालुक्यात डोंगराखाली माझं भाताचं खाचर हाय, अन् ही राहीबाई कशी तोंडाळ हाय ते साऱ्या गावाला ठावं हाय. वरच्या माळावर पॅराग्लायडिंग शिकवायचा कॅम्प आला, तवापास्नं तर माझं तोंड लईच सुटलं. वारा पडला की शिकणारी पोरं छत्रीसकट कुठंबी पडायची अन् लोंब्या धरून निसवलेलं भात आडवं करायची.

त्यात जया एकलीच पोरगी. शेवगावाकडची, आईबापासंगं ऊस तोडत बारावी झालेली. कॅम्पात स्वयंपाक करायची अन् उडायला शिकायची.

मागल्या साली ती पहिल्यांदाच एकटी उडाली. वारा पडला अन् पोरगी नेमकी माझ्या खाचरावर यायला लागली. मी इळा उगारून बोंबलले, "भातात पाय ठिवलास तर तंगडं मोडीन!" तिचे सर वायरलेसवर ओरडत हुते, सरळ उतर म्हनून. इतक्या खाली आल्यावर वळायचं नसतं म्हनं. पोरीनं ऐकलं माझं. दोरी खेचून वळली अन् दगडी बांधावर आदळली. पाय मोडलाच. जळो माझी जीभ!

दवाखान्यात नेताना जीपमधी माझ्या मांडीवर डोकं ठिवून कण्हत म्हनली, "मावशी, उभं पीक कसं तुडवायचं वं?"

सरांनी तिला कॅम्पातनं काढलं. सांगितलेलं ऐकत न्हाई तिला वर सोडनार न्हाई, म्हनले. मी तडक कॅम्पात गेले. "चूक माझी हाय. तिला काढलंत तर तुमची माळावर जायची माझ्या रानातली वाट बंद!" सर नरमले. "पाय बरा झाला की एकदा बघू. पुन्हा वळली तर मात्र संपलं."

वरीस गेलं. परवा जया उडाली. मी बांधावर हुते. मेला वारा पुन्हा पडला! पोरगी खाली येत हुती अन् खाली माझं निसवलेलं भात. ती वळाय लागलेली दिसली. मी इळा टाकला, खाचरात शिरले, अन् माझं भात माझ्याच पायानं तुडवत बोंबलले, "उतर गं बाई! हितंच उतर!"

जया सरळ आली अन् माझ्यापुढं दोन्ही पायांवर उभी ऱ्हायली.

भात गेलं म्हना की पायलीभर. जाऊ दे! आमच्या अख्ख्या गावात पायलट उतरलेलं खाचर माझं एकलीचंच हाय.